राज्य चालवायचे रूल्स निवडताय? आधी एकच राज्य सगळ्या सिस्टिममध्ये चालवून बघा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या कॅम्पेनमध्ये (म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या साहसकथेत) प्लेयर्सना किल्ला मिळाला, थोडी जमीन मिळाली की गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, प्रश्न पडतोच की आता राज्यकारभाराचे रूल्स कुठले घ्यायचे. बरेच जण नुसतं वाचून ठरवतात. मला ते पटत नाही, हे रूल्स चालवल्याशिवाय कळतच नाहीत.

म्हणून आधी एक छोटं राज्य कागदावर मांडा. नदीकाठचं खोरं, एक किल्ला, तीन गावं, 300 कुटुंबं, शेजारी एक कुरापतखोर सरदार, बास. हेच राज्य प्रत्येक सिस्टिममध्ये वर्षभर चालवायचं आणि दरवेळी त्याच तीन घटना घालायच्या: पीक बुडालं, शेजाऱ्याने एक गाव मागितलं, खजिनदार पैसे खातोय अशी कुजबुज सुरू झाली. आणि घड्याळ लावून बसा, कारण एका टर्नला किती वेळ जातो हे फार महत्त्वाचं आहे.

पहिल्यांदा बघा की टेबलावरच्या प्रत्येकाला काम मिळतंय का. इथे 1995 चं बर्थराइट, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सचं राज्यकारभारावरचं सेटिंग, मला अजूनही सगळ्यात आवडतं. त्यात सत्तेचे चार प्रकार आहेत, कायदा, देवस्थान, व्यापारी संघ आणि जादूचे स्रोत, त्यामुळे एकाच प्रांतात योद्धा, पुजारी, चोर आणि जादूगार प्रत्येकाची आपापली सत्ता असते, पीक बुडालं तर चौघांनाही वेगवेगळी झळ बसते आणि मग खरी बोलणी सुरू होतात. टर्न तीन महिन्यांचा, त्यात महिन्याला एक असे तीन राउंड. पण चार प्लेयर्स चार सत्ता चालवायला लागले की वेळ भरपूर जातो, ती तयारी ठेवा.

दुसरं, आकडा खरंच बोचतो का. पाथफाइंडर या रोलप्लेइंग गेमच्या 2010 च्या किंगमेकर साहसमालिकेत इकॉनॉमी, लॉयल्टी, स्टॅबिलिटी असे तीन आकडे, अनरेस्ट म्हणजे प्रजेतला असंतोष वेगळा, आणि महिन्याचा टर्न. नकाशावर एकेक हेक्स (षटकोनी तुकडा) जिंकून शहरात एकेक इमारत बसवायला जाम मजा येते, सुरुवातीला डायसच्या प्रत्येक रोलला धाकधूक असते. पण इमारतींचे बोनस साचत जातात आणि थोड्या काळाने रोल फसायचं नावच घेत नाही, त्यात जादूच्या वस्तू विकून येणारे बिल्ड पॉइंट्स (राज्याचा खर्चायचा साठा) तर सगळा तोलच बिघडवतात. म्हणून इथे पहिलं वर्ष पुरणार नाही, भरपूर इमारती असलेलं मोठं राज्य घेऊन परत एक टर्न चालवा, फरक लगेच दिसेल.

हिशोब आवडणारा ग्रुप असेल तर 2012 चं अ‍ॅडव्हेंचरर कॉन्करर किंग बघा. जमिनीचं उत्पन्न तिथे दर कुटुंबामागे महिना 3 ते 9 सोन्याची नाणी, जमीन कशी आहे त्यावर, आणि शिवाय कर, शिबंदीचा खर्च, सगळं कुटुंबांवरच मोजलेलं. पीक बुडाल्याची घटना इथे खरी वाटते, कारण कुटुंबं निघून गेली की उत्पन्न कमी झालेलं वहीतच दिसतं. ही कुटुंबं मोजायची पद्धत 1984 च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स कंपॅनियन सेटमध्येही आहे, तिथे प्रजेचा विश्वास हा एक वेगळा आकडा आहे, खजिनदाराच्या घटनेला तो छान कामाला येतो.

आणि वही नकोच असेल तर रेन हा गेम. 2007 चा. राज्य असो की चोरांची टोळी, पाचच गुण: माइट, ट्रेझर, इन्फ्लुएन्स, टेरिटरी, सॉव्हरेन्टी. दोन गुण एकत्र करून दहा बाजूंचे डायस टाकायचे आणि जुळणारे आकडे शोधायचे. शेजाऱ्याची मागणी अगदी थोडक्या वेळात निकाली लागते, पण गावागावाचा तपशील मात्र मिळत नाही.

प्रत्येक सिस्टिमनंतर दोन गोष्टी लिहून ठेवा, एक म्हणजे टर्नला लागलेली मिनिटं आणि दुसरं म्हणजे त्या टर्नमधून साहसाला जायचं कारण किती वेळा निघालं. कुजबुज ऐकून प्लेयर्स स्वतः खजिन्याच्या तळघरात उतरले तर ती सिस्टिम तुमच्या ग्रुपची. नुसता एक रोल टाकून पुढे गेले, तर खजिनदाराच्या जागी त्यांच्या ओळखीचं पात्र बसवून तोच टर्न परत खेळा, आणि तरीही कोणी हललं नाही तर दुसरी सिस्टिम घ्या.