एनएफएस डिरेक्टरी लिनक्स सर्व्हरवर माउंट करताना

एका सर्व्हरवरील डिरेक्टरी दुसऱ्या लिनक्स सर्व्हरला स्वतःच्या डिस्कसारखी वापरता यावी, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये तयार केलेली एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) ही पद्धत आजही सर्रास वापरली जाते. अशी डिरेक्टरी जोडण्याचे, म्हणजे माउंट करण्याचे, काम एका ओळीचे असते. काळजी घ्यावी लागते ती नेटवर्क तुटेल किंवा सर्व्हर रीबूट होईल त्या वेळेची. (आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप कराव्यात.)

समजा, साठ्याचा सर्व्हर १०.०.०.५ या पत्त्यावर आहे आणि त्यावरील /एसआरव्ही/बॅकअप ही डिरेक्टरी १०.०.०.२० या क्लायंटवर, म्हणजे ती वापरणाऱ्या सर्व्हरवर, हवी आहे. साठ्याच्या सर्व्हरवरील /ईटीसी/एक्स्पोर्ट्स या फाइलमध्ये डिरेक्टरीचा पूर्ण पाथ, मग एक स्पेस, मग क्लायंटचा पत्ता आणि त्या पत्त्याला चिकटूनच कंसात 'आरडब्ल्यू' (वाचण्या-लिहिण्याची मुभा) व 'सिंक' (डिस्कवर लिहून झाल्यावरच उत्तर देणे) हे पर्याय लिहावेत. पत्ता आणि कंस यांच्यामध्ये चुकून स्पेस पडली, तर कंसातील पर्याय त्या क्लायंटला लागू न होता बाकी सगळ्यांना लागू होतात, म्हणजे लिहिण्याची मुभा ज्याला द्यायची तो राहतो बाजूला आणि ती मिळते भलत्यांना. फाइल सेव्ह करून बदल लागू करण्यासाठी 'एक्स्पोर्टएफएस -आरए' ही आज्ञा द्यावी आणि फायरवॉलमध्ये फक्त या क्लायंटसाठी टीसीपी पोर्ट २०४९ उघडावा. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला एवढा एक पोर्ट पुरतो.

क्लायंटवर डेबियन किंवा उबंटू असल्यास 'एनएफएस-कॉमन' आणि रेड हॅटच्या कुळातील लिनक्स असल्यास 'एनएफएस-युटिल्स' हे पॅकेज बसवावे. त्यानंतर /एमएनटी/बॅकअप ही रिकामी डिरेक्टरी तयार करावी आणि माउंट करण्याआधीच तिला 'सीएचअ‍ॅटर +आय' ही आज्ञा लावून ठेवावी. हा उपाय मी ठेच लागल्यावर शिकलो. एका रात्री माउंट झालेलेच नव्हते, बॅकअपची स्क्रिप्ट त्याच नावाच्या स्थानिक डिरेक्टरीत निमूटपणे लिहीत राहिली आणि सकाळी क्लायंटची मूळ डिस्क भरलेली आढळली. वरील आज्ञेमुळे त्या डिरेक्टरीवर माउंट करता येते, पण माउंट नसताना तिच्यात नवी फाइल तयार होत नाही आणि स्क्रिप्ट तिथल्या तिथे एरर देते.

आता 'माउंट -टी एनएफएस४' या आज्ञेपुढे साठ्याचा पत्ता, कोलन आणि तेथील पाथ, व शेवटी स्थानिक डिरेक्टरी लिहावी. 'फाइंडएमएनटी' या आज्ञेने माउंट झाल्याची खात्री करून घेतल्यावर जो युजर प्रत्यक्षात लिहिणार आहे, त्याच्याच नावाने एक फाइल तयार करून पाहावी. रूटने (सर्वाधिकार असलेल्या युजरने) केलेली चाचणी येथे फसवी ठरते, कारण साठ्याचा सर्व्हर क्लायंटच्या रूटला मुळातच 'नोबडी', म्हणजे खास अधिकार नसलेला युजर, समजतो. परवानगी नाकारली गेल्यास दोन्हीकडचे त्या युजरचे यूआयडी (ओळख) क्रमांक ताडून पाहावेत. नेहमीच्या मांडणीत परवानगी युजरच्या नावावरून नव्हे, तर या क्रमांकावरून ठरते.

रीबूटनंतरही माउंट टिकावे यासाठी /ईटीसी/एफएसटॅब या माउंटांची यादी असलेल्या फाइलमध्ये तीच माहिती लिहून पर्यायांच्या रकान्यात 'हार्ड', 'नोफेल' आणि '_नेटडेव्ह' (हे माउंट नेटवर्कवर अवलंबून आहे असे सांगणारा) टाकावेत व शेवटचे दोन्ही रकाने शून्य ठेवावेत. 'नोफेल' नसेल तर साठा बंद असताना क्लायंटचे बूट अडखळू शकते. मग माउंट काढून, या यादीतील सगळे माउंट करणारी 'माउंट -ए' ही आज्ञा चालवावी. चूक असेल तर ती रीबूटच्या वेळी कळण्यापेक्षा आताच कळलेली बरी.

'हार्ड'ऐवजी 'सॉफ्ट' वापरण्याचा मोह अनेकांना होतो, कारण साठा गायब झाल्यावर 'हार्ड' माउंटवरील प्रोसेस वाट पाहत अडकून राहतात. परंतु 'सॉफ्ट'मध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर लिहिणे अर्धवट सोडले जाते आणि ती एरर न तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती खराब झालेली फाइल उरते, म्हणून जेथे लिहायचे आहे तेथे 'हार्ड'च ठेवावे. साठा परत येणारच नसेल, तर 'यूमाउंट -एल'ने डिरेक्टरी वेगळी करता येते. अडकलेल्या प्रोसेस मात्र त्यानंतरही स्वतंत्रपणे बंद कराव्या लागतात.