थ्री-एटीने कॅटलेज बंद करायचंय? मग आधी थोडं थांबा

कॅटलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करणारं एन्झाइम) बंद केल्यावर पेशी पेरॉक्साइड कसं झेलतात हे बघायचं असेल तर पहिला हात जातो थ्री-एटीकडे, म्हणजे अमिनोट्रायाझोल, मुळात हे अमिट्रोल नावाचं तणनाशक. पावडर स्वस्त, पाण्यात मस्त विरघळते, डीएमएसओ नावाच्या सॉल्व्हंटची कटकट नाही. मॉलिक्युलर वेट ८४.०८, म्हणजे ८४ मिलिग्रॅम घेऊन पाण्याने १ मिलि केलं की झाला १ मोलरचा स्टॉक (पुढे पातळ करून वापरायचं दाट द्रावण), ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. थायरॉइडला त्रास देणारी चीज आहे, वजन करताना ग्लोव्हज घाला.

आता खरी गंमत. मी पहिल्यांदा काय केलं, शुद्ध एन्झाइममध्ये थ्री-एटी टाकलं, लगेच रीडिंग घेतलं, कॅटलेज ठणठणीत! दोन दिवस बाटलीला शिव्या घातल्या. चूक माझीच होती, कारण थ्री-एटी नुसत्या कॅटलेजला चिकटतच नाही, कॅटलेजने आधी पेरॉक्साइडचा एक रेणू खाऊन कंपाउंड वन नावाचं रूप घ्यावं लागतं, त्यालाच ते धरतं आणि मग कायमचं. म्हणजे सावजाने तोंडात घास घेतला की सापळा लागतो, असं काहीतरी.

त्यामुळे शुद्ध एन्झाइम असेल तर पेरॉक्साइड एकदम ओतू नका, कॅटलेज ते क्षणात फस्त करतं, त्यापेक्षा ग्लुकोज आणि ग्लुकोज ऑक्सिडेज (ग्लुकोजवर काम करताना पेरॉक्साइड बनवणारं एन्झाइम) टाका, पेरॉक्साइड थेंब थेंब तयार होत राहतं. जिवंत पेशींत स्वतःचं पेरॉक्साइड असतंच, तिथे २० मिलिमोलरपासून सुरुवात करा (१ मिलि मीडियाला २० मायक्रोलिटर स्टॉक) आणि ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना सॅम्पल काढा, एकाच वेळेच्या आकड्यावर विसंबू नका.

कॅटलेजचं काम मोजायला २४० नॅनोमीटरला पेरॉक्साइड किती प्रकाश शोषतं ते बघा, क्युव्हेट (मोजायची छोटी नळी) क्वार्ट्झचंच, साधं प्लॅस्टिक तिथे प्रकाशच गिळतं. १० मिलिमोलर पेरॉक्साइडला साधारण ०.४३ रीडिंग यायला हवं, तिथून ते किती वेगाने उतरतं ते पहिल्या मिनिटातच बघा. लायसेट (पेशी फोडून काढलेला रस) जास्त पडलं की ऑक्सिजनचे बुडबुडे क्युव्हेटच्या भिंतीला चिकटतात आणि रीडिंग उड्या मारायला लागतं, अशा वेळी मशीनला दोष देण्याआधी लायसेट पातळ करा. प्रोटीनपण २४०ला दिसतं म्हणून पेरॉक्साइडशिवायचा ब्लँक (तुलनेचं रिकामं सॅम्पल) हवाच.

खात्री करायची तर पेशी धुऊन परत मोजा, ॲक्टिव्हिटी लगेच परत येत नाही, पेशींनी नवीन कॅटलेज बनवल्यावरच येते. अझाइड हेही कॅटलेज अडवतं, पण त्याचं तसं नसतं, शिवाय ते मायटोकाँड्रियाचं सायटोक्रोम ऑक्सिडेज (पेशीच्या श्वसनाचं एन्झाइम) पण अडवतं, म्हणून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेससाठी मी ते टाळतेच. थ्री-एटीपण अगदी साधुसंत नाही, थायरॉइड पेरॉक्सिडेज आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज या दुसऱ्या एन्झाइम्सना छळतं, म्हणून पेरॉक्साइड मोजायचा रंगवाला किट पेरॉक्सिडेजवर चालत असेल तर स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या पेरॉक्साइडवरून काढलेला तुलनेचा आलेख) थ्री-एटी घालूनच काढा.