केमोनंतर जी-सीएसएफचं इंजेक्शन घरी देताना

केमोथेरपी भराभर विभागणाऱ्या पेशी मारते. त्यात कॅन्सरच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मऊ मगजात) बनणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही जातात. जंतूंना पहिल्यांदा भिडतात त्या याच. म्हणून बऱ्याच केमोंनंतर साधारण ७ ते १४ व्या दिवसात संसर्गाची भीती सर्वांत जास्त असते. जी-सीएसएफ हे शरीरात मुळातच बनणारं प्रथिन. ते मज्जेला न्यूट्रोफिल लवकर तयार करायला लावतं. औषध म्हणून ते दोन रूपांत मिळतं: रोज घ्यायचं फिलग्रास्टिम आणि केमोच्या एका सायकलला (फेरीला) एकदाच घ्यायचं पेगफिलग्रास्टिम.

केमो संपून २४ तास झाल्याशिवाय टोचू नका. या प्रथिनामुळे मज्जेतल्या पेशी जोमाने विभागू लागतात आणि शरीरात उरलेली केमो नेमकी त्यांनाच मारते. फिलग्रास्टिमचा नेहमीचा डोस किलोमागे रोज ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला ३००. तरी डॉक्टरांनी लिहिलेला डोसच पाळायचा.

सिरिंज फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवा, पण फ्रीझरला चिकटून नको. गोठलं किंवा जोरात हलवलं की प्रथिन बिघडतं. मुंबईहून गावी नेताना बर्फाच्या पॅकभोवती कापड गुंडाळा. सिरिंज त्याला थेट टेकू देऊ नका.

टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. औषध स्वच्छ, कण नसलेलं दिसायला हवं. हात धुवा, बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर किंवा मांडीवर जागा स्पिरिटने पुसून वाळू द्या. कातडीची घडी चिमटीत धरून सुई घाला, औषध सावकाश सोडा, नंतर चोळू नका. रोज जागा बदला.

सर्वांत जास्त घोळ होतो तो इंजेक्शनं मध्येच बंद करण्यात. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट एकदम चढतो, कारण मज्जेत तयार असलेल्या पेशी रक्तात उतरतात. केमोचा खरा फटका त्यानंतर दिसतो. तेव्हा तो आकडा पाहून मनाने थांबू नका.

सीबीसीत (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीत) पांढऱ्या पेशींचा नुसता टोटल काउंट पाहून भागत नाही. काउंट १८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील, तर प्रत्यक्षात न्यूट्रोफिल ३६०च. ५०० च्या खाली धोका मोठा असतो.

कंबर, मांड्या, छातीचं हाड दुखणं नेहमीचं; मज्जा कामाला लागल्याची ती खूण. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल घ्या, पण आधी ताप मोजा, नाहीतर गोळीने ताप झाकला जातो. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ आली तर लगेच दवाखाना गाठा: क्वचित प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) फुटते.

इंजेक्शन चालू आहे म्हणून ताप अंगावर काढू नका. एकदा १०१ फॅरनहाइट भरला किंवा १००.४ तासभर टिकला, की मध्यरात्र असली तरी निघा. न्यूट्रोफिल नसतील तर पू फारसा होत नाही, जखम फारशी लालही होत नाही. कित्येकदा ताप हे एकच लक्षण असतं. थर्मामीटर काखेत किंवा तोंडात लावा, गुदद्वारात कधीही नाही. कॅज्युअल्टीत पोचताच फाइल पुढे करून केमोची तारीख सांगा आणि अँटिबायोटिक तासाभरात सुरू होईल याचा पाठपुरावा करा. सगळे रिपोर्ट येईपर्यंत त्यासाठी थांबायचं नसतं.