प्रोजेक्टरचं चित्र फिकट दिसतंय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर मॅच लावली, किंवा शाळेच्या वर्गात धडा दाखवायला घेतला, आणि चित्र फिकट वाटलं की पहिला हात जातो ब्राइटनेसवर. तिथेच बिघडतं. ही सेटिंग दिव्याचा उजेड वाढवत नाही, चित्रातला काळा भाग उजळ करते. म्हणून सगळं दुधाळ दिसायला लागतं.

प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. जिथे त्याचा उजेड पडत नाही, तो पडद्याचा भाग आपल्याला काळा दिसतो. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य मावळायला सात वाजतात. त्याआधी कितीही बटणं दाबा, उपयोग नाही. नीट अंधारू द्या, गच्चीवरचा बल्बही बंद करा.

मग एखादा लग्नाचा व्हिडिओ लावा. नवरीचे केस आणि कुणा आजोबांची पांढरी टोपी एकत्र दिसेल तिथे तो थांबवा. ब्राइटनेस कमी करत न्या. केसांच्या बटा मिसळून नुसता काळा गोळा झाला, की बटा पुन्हा दिसेपर्यंत वर या. आता कॉन्ट्रास्ट वाढवा. टोपीच्या घड्या पुसल्या गेल्या, की त्या दिसतील इतका मागे घ्या. एक हलवलं की दुसरं थोडं सरकतं, म्हणून केस परत एकदा बघा. माझ्या मते बाकी साऱ्या मेनूपेक्षा या दोन सेटिंगनेच जास्त फरक पडतो.

चेहरे हिरवट दिसत असतील तर बहुतेक डायनॅमिक मोड चालू असतो. उजेड जास्त मिळावा म्हणून त्यात रंगांचा तोल सोडलेला असतो. अंधारात सिनेमा मोडच लावा. तरीही चित्र निळसर वाटलं तर भिंत बघा. चुन्यात नीळ घातली असेल, तर तो रंग चित्रात उतरणारच.

फक्त लॅपटॉप जोडल्यावरच काळा फिका किंवा गच्च दिसतो? मग एचडीएमआय रेंज तपासा, म्हणजे सर्वात काळा आणि सर्वात पांढरा कुठे धरायचा हे ठरवणारी सेटिंग. ती लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोन्हीकडे सारखी हवी, फुल तर फुल, लिमिटेड तर लिमिटेड.

प्रोजेक्टर कोपऱ्यात तिरपा ठेवून कीस्टोनने चौकट सरळ करायची सवय मात्र खरोखर सोडा. चौकट सरळ होते, पण त्यासाठी चित्र आत दाबलं जातं, काही पिक्सेल वाया जातात आणि फळ्यावरची बारीक अक्षरं पुसट होतात. मग शार्पनेस वाढवला जातो आणि अक्षरांभोवती पांढरी कड उमटते. टेबल पडद्याच्या मधोमध सरकवा, फोकस हाताने जुळवा, शार्पनेस कमीच राहू द्या.

एवढं करूनही अंधुकच असेल तर यंत्र बंद करून थंड होऊ द्या आणि एअर फिल्टर काढून बघा. कापसाच्या हंगामात, त्यातही जिनिंगजवळ, त्यावर तंतू साचतात आणि यंत्र तापतं. फिल्टर स्वच्छ निघाला तर मेनूत दिव्याचे तास बघा. कंपनीने दिलेले तास भरेपर्यंत दिव्याचा उजेड साधारण निम्म्यावर येतो. तेव्हा दिवाच बदलावा लागतो.