शाळेजवळच्या निवासी रस्त्यावर वाहनांचा वेग कसा कमी करावा

शाळेजवळून भरधाव वाहने जातात अशी तक्रार घेऊन कोणी आले की बहुतेक जण एकच सल्ला देतात: नगरसेवकांना गाठा आणि एक गतिरोधक टाकून घ्या. हा सल्ला अर्धवट आहे आणि अनेकदा घातकही ठरतो. पुण्यात पेठांमधील आणि कोथरूडसारख्या उपनगरांतील शाळांभोवती पालक आणि रहिवाशांबरोबर हे काम वारंवार केल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की वाहनाचा वेग रस्त्याच्या आकारामुळे उतरतो, आणि तो आकार ज्या काही सेंटिमीटरांवर अवलंबून असतो ते नागरिकांनी उभे राहून तपासून घ्यावे लागतात. पुढील क्रम महाराष्ट्रातील कोणत्याही महापालिकेत चालेल. विभागांची नावे तेवढी बदलतील.

आधी वेग मोजा

रस्त्याच्या कडेला खडूने २५ मीटर अंतर आखा आणि वाहनाला ते कापायला किती वेळ लागतो हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाहा. तीन सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर आणि दोन सेकंद लागले तर ताशी ४५. सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते त्या ऐन गर्दीत मोजणी करू नका, कारण कोंडीमुळे तेव्हा वेग कमीच दिसतो. खरा धोका त्या गर्दीच्या आधी आणि नंतर असतो, जेव्हा रस्ता मोकळा होतो आणि उशिरा आलेली किंवा मागे रेंगाळलेली मुले एकेकटी रस्ता ओलांडतात. मुले नेमकी कुठून ओलांडतात याच्या खुणाही नकाशावर करा. ती जागा झेब्रा पट्ट्यांवर क्वचितच सापडते. बहुधा ती रिक्षा आणि व्हॅन जिथे उभ्या राहतात तिथे असते.

मर्यादा ताशी ३० चीच मागा. रस्ते सुरक्षेविषयीच्या जागतिक परिषदेतून निघालेल्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे हीच मर्यादा सांगितली आहे. कारण साधे आहे. ताशी ३० च्या वेगाने येणारी मोटार, चालकाला मूल दिसल्यापासून, कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरांत थांबते. ताशी ५० च्या वेगाने येणाऱ्या चालकाचा पाय तेवढ्या अंतरात जेमतेम ब्रेकवर पोचतो.

अर्ज कुठे द्यावा

एक अर्ज महापालिकेच्या पथ विभागाला आणि एक पोलिसांच्या वाहतूक शाखेला द्या, दोन्हींच्या प्रतींवर आवक क्रमांक घ्या आणि मोजणीचा तक्ता जोडा. रस्त्याची बांधणी महापालिकेची, तर पार्किंगबंदी आणि एकेरी वाहतूक यांचे आदेश पोलिसांचे, हे लक्षात न घेतल्याने असंख्य अर्ज या दोन कार्यालयांच्या मध्ये पडून राहतात. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात आणि तिच्यावर पालक व पोलीस यांचेही प्रतिनिधी असतात. पुष्कळ शाळांत ही समिती कागदावरच असते. तिची बैठक बोलवायला लावा आणि ठराव करून घ्या, कारण समितीचा ठराव दहा पालकांच्या सह्यांपेक्षा वजनदार ठरतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक राबवले जाते, म्हणजे नागरिकांनी सुचवलेली कामे महापालिकेच्या अंदाजपत्रकात घेतली जातात. लहान कामांसाठी क्षेत्रीय कार्यालयात मुदतीत अर्ज केला तर निधीचा प्रश्न तिथेच सुटू शकतो.

गतिरोधकाचे काम

या संपूर्ण प्रवासात मला सर्वाधिक झगडायला लावले ते या टप्प्याने, आणि वाईट सल्ल्यांचा सुकाळही इथेच आहे. मंजुरी मिळाली की ठेकेदाराची माणसे रात्री येतात, उरलेला डांबराचा माल रस्त्यावर ओततात, त्याला उंच आणि अरुंद वरंबा करून निघून जातात. सकाळी रहिवासी समाधानी असतात. आठवड्याभरात त्याच वरंब्यावर एखादा दुचाकीस्वार पडतो, मागे बसलेल्या ज्येष्ठांच्या पाठीला हिसका बसतो, रुग्णवाहिकेला जवळजवळ थांबावे लागते, आणि मग कोणीतरी तक्रार करून तो उखडून टाकायला लावते. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सर्वसाधारण वाहतुकीसाठी दिलेले माप याहून अगदी वेगळे आहे: वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंदी, मध्यभागी १० सेंटिमीटर उंची आणि वरचा भाग गोलाकार, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने त्यावरून धक्का न बसता जाता येते. हे माप पूर्वगणनपत्रकात, म्हणजे कामाच्या आधी तयार होणाऱ्या खर्चाच्या अंदाजात, आकड्यांनिशी लिहून घ्या. तिथे नुसते ‘गतिरोधक करणे’ असे लिहिलेले असेल तर अंगठ्याएवढ्या वरंब्याचेही बिल निघते आणि तुम्हाला हरकत घेता येत नाही.

मापाहूनही मोठा दोष कडेला असतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून गतिरोधक गटाराच्या फूट-दीड फूट अलीकडेच थांबवतात, आणि प्रत्येक दुचाकीस्वार वेग न उतरवता त्या फटीतून निघून जातो. आता त्या फटीत कोण चालत असते याचा विचार करा. पदपथावर गाड्या उभ्या असल्यामुळे किंवा पदपथच नसल्यामुळे मुले नेमकी त्याच कडेने चालत असतात. म्हणजे मुलांच्या रक्षणासाठी केलेला गतिरोधक मोटारसायकली मुलांच्या अंगावर वळवतो. पाण्याचे निमित्त सांगून कोणी अभियंता ही फट ठेवतो म्हणाला तर ते मान्य करू नका. मी आजवर एकदाही मान्य केलेले नाही.

म्हणून शाळेच्या दाराशी साध्या गतिरोधकाऐवजी ‘टेबल टॉप’ मागावा, असा माझा ठाम आग्रह आहे. टेबल टॉप म्हणजे एका पदपथापासून दुसऱ्या पदपथापर्यंत सलग उचललेला, वर सपाट असलेला, झेब्रा पट्टे मारलेला रस्त्याचा भाग. मूल ज्या उंचीवर चालत आले त्याच उंचीवर ओलांडते, चालकाच्या नजरेला ते अधिक उंच दिसते, आणि दुचाकीला निसटायला फट उरत नाही. उंची १० सेंटिमीटर, सपाट भाग किमान ३ मीटर आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचे उतार, असे माप मी मागतो. उतार याहून आखूड केला तर बसला हिसका बसतो.

पाण्याची सोय मात्र आधी ठरवावी लागते. पाणी ज्या बाजूने वाहत येते त्या बाजूला, टेबलाच्या अगोदर, पावसाळी गटाराची जाळी बसवून घ्या. पावसाळी गटार नसेल तर कडेने झाकणाची नाली टेबलाखालून काढावी. नुसता पाइप टाकू देऊ नका. पहिल्याच पावसात पाने आणि प्लास्टिक अडकून तो तुंबतो, शाळेसमोर तळे साचते आणि मग टेबलच दोषी ठरते. जाळीच्या पट्ट्या चाकाला आडव्या असाव्यात, नाहीतर सायकलचे चाक त्यात अडकते. शक्य असेल तर काम ठरवण्यापूर्वी एकदा भर पावसात तिथे उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे थांबते ते पाहा. ड्रेनेजच्या झाकणांवर, वळणाच्या अगदी तोंडाशी किंवा विजेचा दिवा नसलेल्या जागी टेबल घेऊ नका.

काम होते त्या रात्री दोघा-तिघांनी हजर राहावे. रोलर फिरल्यावर डांबर बरेच दबते, म्हणून उंची रोलर फिरवून झाल्यावरच मोजा. दोरी ताणून आणि पट्टी लावून ते सहज होते. गोलाकार गतिरोधक असेल तर त्याचा आकार पडताळायला सुताराकडून प्लायवूडचा साचा कापून आणा. त्रुटी दिसली तर मोजमाप पुस्तकात, म्हणजे ज्यावरून ठेकेदाराचे बिल निघते त्या वहीत, नोंद होण्यापूर्वीच कनिष्ठ अभियंत्यांना लेखी कळवा, कारण नोंद होऊन बिल निघाले की ठेकेदार परत येत नाही.

रबरी पट्ट्या घेऊ नका: त्यांचे तुकडे निघून जातात आणि खिळे वर राहतात. घरांसमोर लागोपाठच्या कडकड वाजणाऱ्या पट्ट्याही नकोत. त्यांच्या आवाजाने रात्रीची झोप मोडलेले रहिवासीच पुढच्या प्रत्येक सुधारणेला विरोध करू लागतात.

उरलेली कामे

कोपरे आवळून घ्या. वळण जितके मोठे आणि गोल, तितकी गाडी वेगाने वळते. पथ विभाग तयार नसेल तर पोलिसांच्या परवानगीने आठवडाभर फक्कीने नवा कोपरा आखून त्यावर शंकू ठेवा. मोठी वाहने वळू शकतात हे एकदा दिसले की हरकती कमी होतात.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना पार्किंगबंदी मागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ ते ११७ खाली वाहतूक शाखा आधी तात्पुरता आदेश काढून हरकती व सूचना मागवते. त्या मुदतीत पाठिंब्याची पत्रे न चुकता पाठवा, कारण विरोधाची पत्रे हमखास येतात. मुलांना गाडीने सोडणाऱ्या पालकांसाठी फाटकापासून थोडे दूर, पदपथाला लागून, उतरण्याची जागा ठरवा. पालकांना हे सांगण्याचे काम मुख्याध्यापकांनीच करावे; रहिवाशांनी सांगितले तर भांडण होते.

पदपथावर खांब बसवताना व्हीलचेअर जाईल पण मोटार शिरणार नाही एवढे अंतर राखा. गतिरोधकाची सूचना देणारी पाटी ४० मीटर आधी लावून घ्या आणि ती झाडाच्या फांदीआड जात नाही ना हे पाहा.

काम संपल्यावर महिन्याभराने त्याच खुणांवर, त्याच वेळांना पुन्हा वेग मोजा आणि नवा तक्ता दोन्ही कार्यालयांना द्या. दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी पट्टे रंगवून मागा. रस्त्याचे पुन्हा डांबरीकरण निघाले तर आधी जुना थर खरवडून काढण्याची अट घाला, नाहीतर नव्या थराखाली टेबलाची उंची निम्मी उरते आणि वेग पुन्हा पूर्वीसारखा वाढतो.