शिरोरेखा तुटते कुठे? घरच्या छोट्या सीएनसीचा बिघाड शोधायचा कसा आणि अपग्रेडचे पैसे घालायचे कुठे

नागपूरचा मे महिना, दुपारचे दोन, बाहेर ४५ डिग्री, कूलर फुल्लवर आणि माझ्या ३०१८ सीएनसीवर (कंप्युटरने चालणारं छोटं कोरकामाचं मशीन) शेजारच्या काकूंच्या घराची पाटी कोरणं चालू. मातृछाया. "मातृ" एकदम झकास आलं आणि "छाया" दोन मिलिमीटर खाली. शिरोरेखेला मधेच पायरी. काकू बिचाऱ्या म्हणाल्या, राहू दे रे, डिझाइन वाटते. पण आपल्याला माहीत असतं ना.

आता खरी मजा अशी की त्याच्या आधीच्या महिन्यात मी नवीन स्पिंडल (कापणारी बिट फिरवणारी मोटर) घेऊन बसलो होतो, कारण पाट्या बिघडत होत्या आणि मला वाटलं स्पिंडलच हलकं आहे. पैसे गेले, पायरी तिथंच. तेव्हा हा लेख त्या चुकीतून आलाय असं समजा. अपग्रेड वाईट नाही, पण बिघाड कशाचा आहे हे आधी मोजायचं, कारण निम्मे बिघाड एका एलन कीने जातात राजेहो, आणि एलन की मशीनसोबत फुकट येते.

आधी फाइल, मग मशीन

इंग्रजी अक्षरं कोरणाऱ्याला हा त्रास नसतो, आपल्याला असतो. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेखा वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर जराशी चढलेली असते. स्क्रीनवर एक सलग रेघ दिसते पण टूल मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी फिरतं, म्हणून रेघेत मधे मधे उभे चिरे पडतात आणि आपण मशीनला शिव्या घालतो. इंकस्केपमध्ये अक्षरांचा आधी पाथ करा, अनग्रुप करा, मग सगळं निवडून युनियन मारा. चिरे गेले तर मशीन निर्दोष. नाही गेले तर पुढं वाचा.

झिरोला परत येते का?

ही टेस्ट मी आता कुठल्याही मशीनवर सगळ्यात आधी करतो. पेन्सिल नाहीतर व्ही-बिट लावा, पांढऱ्या कागदावर झिरोला (काम सुरू होतं त्या बिंदूवर) एक ठिपका काढा, मग पाच-दहा मिनिटांचं काहीतरी वळणांचं काम चालवा, म्हणजे "ळ" असलेला शब्द घ्या, त्याचे दोन गोल फार कामाचे आहेत. काम झालं की पुन्हा झिरोला या आणि ठिपका काढा.

दोन ठिपके वेगळे पडले, तर मशीन रस्त्यात कुठंतरी घसरलं. ठिपके एकावर एक पडले पण "ळ" चे गोल चपटे आले, जिथं दिशा बदलते तिथं लहानसा सपाट तुकडा दिसला, तर तो बॅकलॅश, म्हणजे लीड स्क्रू (मोटर फिरवते तो लांब आट्यांचा स्क्रू) आणि त्यावरचा नट यांच्यातली ढिलाई. या दोन्ही गोष्टींचा इलाज वेगळा आहे, आणि लोक इथंच गल्लत करतात.

घसरलं असेल तर

परमनंट मार्कर घ्या आणि मोटरच्या शाफ्टवरून कपलरवर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) आणि कपलरवरून लीड स्क्रूवर एक सरळ रेघ मारा. तीनही अॅक्सिसला (एक्स, वाय, झेड). मग तेच काम परत चालवा. रेघ तुटली तर कपलर घसरतोय, म्हणजे त्याचा ग्रब स्क्रू (बिनमाथ्याचा, एलन कीने कसायचा) ढिला. तो काढून, शाफ्टला चपटी बाजू असेल तर नेमका तिच्यावर येईल असा बसवा, निळं लॉकटाइट एक थेंब, आणि कसा. पाच मिनिटांचं काम. रेघ शाबूत आणि तरी झिरो सरकला, तर मोटरने स्टेप (ती ज्या छोट्या पावलांनी फिरते त्यातलं एखादं पाऊल) सोडली.

स्टेप सुटायची कारणं दोन-तीनच. एक म्हणजे अडकण, मशीन बंद करून लीड स्क्रू हाताने फिरवा, एका जागी जड लागला तर तिथं रॉडवर चुरा साचलाय नाहीतर स्क्रू वाकडा आहे. पुसा, सिलाई मशीनचं तेल लावा. ग्रीस नका लावू, एमडीएफची भुकटी त्यात चिकटून लापशी होते.

दुसरं म्हणजे घाई. कंट्रोलरवरचं सॉफ्टवेअर म्हणजे जीआरबीएल, त्याच्या सेटिंगमध्ये $११०, $१११, $११२ हे तिन्ही अॅक्सिसचे जास्तीत जास्त स्पीड आणि $१२० ते $१२२ हे अॅक्सिलरेशन. दोन्ही निम्मे करून बघा, घसरणं थांबलं तर सापडलं.

आणि तिसरं म्हणजे आपलं नागपूरचं खास, गरमी. माझ्या पाटीचा चोर हाच निघाला. सकाळी सातला चालवलेली पाटी नेहमी चांगली यायची, दुपारची बिघडायची, आणि हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले. कंट्रोलरचा डबा बंद, आतल्या ए४९८८ ड्रायव्हरच्या (मोटरला करंट देणाऱ्या) चिप तापायच्या आणि तापल्या की त्या स्वतःला वाचवायला क्षणभर बंद पडतात, मोटर तेवढ्या वेळापुरती सैल सुटते आणि काम सरकतं. थंड झाली की परत चालू, म्हणून आपल्याला वाटतं मशीन तर चालूच आहे. डब्याचं झाकण काढलं, १२ व्होल्टचा छोटा पंखा चिपवर सरळ वारा मारेल असा लावला (कंट्रोलर २४ वर चालतो, म्हणून मधे व्होल्ट कमी करणारा एक बक कन्व्हर्टर), संपला विषय.

ड्रायव्हरचा करंट पण तपासा, पण सांभाळून. ए४९८८ वर सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा) ०.१ ओहमचा असेल तर एका अँपिअरला व्हीरेफ (करंट ठरवणारं व्होल्टेज) ०.८ व्होल्ट. काही बोर्डांवर ०.०५ चा असतो, तेव्हा हाच आकडा निम्मा होतो, म्हणून रेझिस्टरवर काय छापलंय ते भिंगाने वाचा. आर१०० म्हणजे ०.१, आर०५० म्हणजे ०.०५. मोटरच्या लेबलवर लिहिलेल्या करंटच्या वर जायचं नाही. आणि पॉवर चालू असताना मोटरची वायर कधीच काढायची नाही, ड्रायव्हर जागच्या जागी मरतो, मी एक मारलाय.

बॅकलॅश असेल तर

डायल गेज लागेल. इतवारीत लोहा ओळीकडे फिरलात तर टूलवाल्यांकडे चुंबकाच्या स्टँडसकट मिळतो, ०.०१ मिलिमीटरचा घ्या. गेज टेबलला टेकवून एक्स एका दिशेने १ मिलिमीटर न्या, गेज शून्य करा, मग ०.१ उलट न्या. सुई ०.१ हलली पाहिजे. ०.०४ च हलली तर ०.०६ ढिलाई.

स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नट असेल तर स्प्रिंग नीट दबली आहे का बघा, नसेल तर तो लावा, स्वस्त आहे आणि खरंच काम करतो. पण त्याआधी लीड स्क्रू त्याच्या बेअरिंगमध्ये पुढंमागं सरकतोय का ते हाताने हलवून पाहा, कारण पुष्कळदा नट बिचारा ठीक असतो आणि अख्खा स्क्रूच सरकत असतो. जीआरबीएलमध्ये बॅकलॅशची भरपाई करायची सोय नाही, म्हणजे सेटिंग बदलून हा रोग जात नाही, हाताने कसूनच काढावा लागतो.

इथंच एक सांगून ठेवतो. १०० मिलिमीटर सांगितलं आणि ९९.२ गेलं की बरेच जण लगेच $१०० (एक्सच्या एका मिलिमीटरला किती स्टेप) मध्ये ८०० चे ८०६.४५ करतात. गणित बरोबर आहे, जुना आकडा गुणिले सांगितलेलं भागिले मोजलेलं. पण राजा, लीड स्क्रू १०० मध्ये ०.८ चुकत नसतो. मोटर २०० स्टेप, ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ तुकडे), स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर, २०० गुणिले १६ भागिले ४ बरोबर ८००, हा आकडा लोखंडात कापलेला आहे. ०.८ चा फरक म्हणजे ढिलाई किंवा सुटलेली स्टेप, आणि ती आकड्याखाली दाबली तर पुढच्या पाटीत भलतीकडून बाहेर येते. मोजायचंच असेल तर नेहमी एकाच दिशेने येऊन मोजा, म्हणजे ढिलाई मोजमापात शिरत नाही.

काटकोन आणि सपाटी

१६० बाय १२० च्या चार कोपऱ्यांवर चार भोकं पाडा. दोन्ही कर्ण २०० आले पाहिजेत. एक मोठा एक लहान आला तर फ्रेम तिरपी, बोल्ट सैल करून गँट्री (स्पिंडल धरणारी उभी चौकट) ढकला, परत मोजा.

खालचा एमडीएफ मात्र आपल्याकडे दर हंगामात बघावा लागतो. कूलरची ओली हवा दोन महिने खाऊन तो फुगतो, मग पावसाळ्यात अजून. फुगला की एका कोपऱ्यात अक्षर खोल आणि दुसऱ्यात नुसता ओरखडा. स्क्रूचे माथे आधी खोल बसवून घ्या, मग मोठ्या बिटने ०.३ मिलिमीटर अख्खा तासून काढा, तासलं की टेबल मशीनलाच समांतर होतं. कूलरसमोर मशीन ठेवू नका हे सांगायला नको, रॉडवर गंज आलेला मी बघितलाय.

मधेच थांबते, अलार्म येतो

कूलरचं बटण दाबलं की अलार्म १. म्हणजे हार्ड लिमिट, मशीनला वाटतं आपण हद्दीवरच्या लिमिट स्विचला धडकलो. स्विचला कुणी हात लावलेला नाही, तरी. मोटरच्या झटक्याचा नॉइज लिमिट स्विचच्या लांब वायरमध्ये शिरतो, तीच वायर अँटेना होते. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) जोडा आणि $५ एक करा, असं केल्यावर वायर तुटली तरी मशीन थांबते, हा फायदा वेगळाच. इनपुट आणि ग्राउंडच्या मधे बोर्डाजवळ १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर, सीताबर्डीवर पार्टवाल्यांकडे चिल्लरमध्ये मिळतो. तसलाच एक स्पिंडलच्या ब्रशवाल्या मोटरच्या दोन टोकांवर. वायर शील्डवाली घ्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, दोन्हीकडे नाही. यूएसबी वायर आखूड आणि स्पिंडलच्या वायरपासून लांब. कूलर आणि मशीन एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतील तर आधी ते वेगळे करा, कदाचित बाकीचं काही करायची गरजच नाही पडणार. घराची अर्थिंग नावापुरती असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्यात स्वतः हात घालायचा नाही.

आता अपग्रेड

आधी लिमिट स्विच, होमिंग (मशीन स्विचला टेकून आपली जागा ओळखते ते) आणि मोठं लाल इमर्जन्सी बटण. बटणाने पॉवरच तोडायची, नुसता सॉफ्टवेअरला निरोप नाही. लाइट गेल्यावर होमिंगची किंमत कळते, लाइट आली, होम केलं, कामाचा झिरो जिथला तिथं, पाटी वाचली.

मग ईआर११ कॉलेट (बिट घट्ट धरणारी पकड). पितळी बुशवाला चक फेकून द्या, त्यात बिट डगमगते, आणि डगमगणारी बिट अॅक्रिलिक कापत नाही, वितळवते. त्यासोबत फीडचं गणित पण शिका: फीड (मिनिटाला किती मिलिमीटर पुढं) भागिले आरपीएम भागिले बिटच्या धारा. ८००० आरपीएम, एक धारेची बिट, फीड ३२० असेल तर दर फेऱ्याला ०.०४ मिलिमीटर. अॅक्रिलिक वितळतंय तर लोक फीड कमी करतात, पण फीड वाढवायचा असतो नाहीतर आरपीएम कमी, म्हणजे चुरा उष्णता घेऊन उडतो. आणि पत्रा कास्ट अॅक्रिलिकचा मागा. अॅल्युमिनियमला एक धारेचीच बिट, ०.१ ची खोली आणि दोन थेंब रॉकेल नाहीतर डब्ल्यूडी-४०, याच्यापेक्षा जास्त या मशीनकडून मागू नका.

स्पीड वाढवायच्या नादात $११० मध्ये ३००० टाकणारे बरेच भेटतात. जुन्या अर्डुइनोवरचं जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० स्टेपच देऊ शकतं. ३०,००० भागिले ८०० म्हणजे सेकंदाला ३७.५ मिलिमीटर, मिनिटाला २२५०. त्याच्या वर बोर्डच जाणार नाही, मोटर कितीही भारी लावा. मायक्रोस्टेप ८ केली आणि $१०० मध्ये ४०० टाकले तर ही हद्द दुप्पट होते, किंवा मग ३२ बिटचा बोर्ड आणि त्यावर चालणारं जीआरबीएल-हॅल. नेमा २३ (मोठ्या आकाराच्या) मोटर आणि बाहेरचे ड्रायव्हर हे सगळ्यात शेवटी, कारण या मशीनची फ्रेम ताकद झेलत नाही, नुसती लवते. तेवढा खर्च करायचाच तर मशीनच मोठी घ्या.

लेथवाल्यांसाठी थोडं

मिनी लेथवर पहिलं काम जिबचं (स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी). लॉकनट सैल, ग्रब स्क्रू पाव पाव फेरा, स्लाइड जड न होता डुगडुग थांबली की लॉक. मग चकमध्ये जाड गज धरा, १०० मिलिमीटर बाहेर, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) न लावता दोन्ही टोकांना हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. व्यास वेगळे आले तर हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) तिरपा. टेलस्टॉक या टेस्टमध्ये आणायचाच नाही, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. चकच्या चावीवरून हात काढायच्या आधी ती चकमधून बाहेर, आणि हातमोजे घालून लेथ चालवायची नाही, हिंगण्याचा कुठलाही टर्नर तुम्हाला हेच सांगेल, जरा जोरात.

७ इंची मिनी लेथमध्ये बहुतेक ६२०६ बेअरिंग असतात, जड कटला कापताना थरथर येते. त्याजागी ३०२०६ टेपर रोलर बसतात, आतला व्यास ३० आणि बाहेरचा ६२ मिलिमीटर तोच, पण जाडी १६ ऐवजी १७.२५, म्हणून स्पेसर तेवढा कमी करावा लागतो. प्रीलोड हळूहळू द्या, अर्धा तास चालवून हेडस्टॉकला हात लावा, कोमट ठीक, चटका बसला तर नट जरा सैल. आणि सीएनसी करून लेथवर आटे कापायचे असतील तर साधं अर्डुइनोवालं जीआरबीएल उपयोगाचं नाही, स्पिंडलवर इंडेक्स पल्सवाला एनकोडर (दर फेऱ्याला एक खूण देणारा) आणि लिनक्ससीएनसी घ्या, त्यात जी७६ (आटे कापायची कमांड) आहे. त्याला जुना पॅरलल पोर्टवाला डेस्कटॉप चालतो, तो भंगारात मिळाला तर सोडू नका.