अंगावर पाजत असताना आपत्कालीन गोळी घ्यायची तर

निरोध फाटला, किंवा काही वापरलंच गेलं नाही, आणि बाळ अजून अंगावर पितंय. अशा वेळी आईला पहिली काळजी दुधाचीच वाटते. गोळीचा अंश बाळाच्या पोटात जाईल का? दूध आटेल का? या विचारात एक-दोन दिवस निघून जातात आणि खरं नुकसान तिथेच होतं. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी, म्हणजे संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी, पाजणाऱ्या आईला चालते. पाजणं बंद करावं लागत नाही, दूध काढून टाकावं लागत नाही. वेळ मात्र तासांत मोजायची.

आधी गोळीची गरज आहे का ते बघा. बाळंतपणाला अजून २१ दिवस झाले नसतील तर नाही. त्यानंतर तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या, तर पाजणं हेच संरक्षण असतं: बाळ ६ महिन्यांच्या आतलं आहे, पाळी परत सुरू झालेली नाही, आणि बाळ दिवसरात्र फक्त आईच्याच दुधावर आहे. तिन्ही अटी पाळल्या जात असतील तर गर्भ राहण्याची शक्यता १०० बायकांत साधारण २ इतकीच.

घोटाळा होतो तो तिसऱ्या अटीत. आईला झोप मिळावी म्हणून आजी रात्री वरच्या दुधाची बाटली देते. मे महिन्यात इंदूर तापलं की बाळाला चमच्याने पाणी पाजलं जातं. सहा महिन्यांपर्यंत त्याची गरजच नसते, उन्हाळ्यातसुद्धा नाही. पाचव्या महिन्यात कुणी पेज सुरू करतं. दोन पाजण्यांमध्ये दिवसा ४ तासांहून किंवा रात्री ६ तासांहून जास्त अंतर पडू लागलं, तर हे संरक्षण धरू नका. आणि ‘अजून पाळीच आली नाही’ यावर तर मुळीच विसंबू नका. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात.

गोळी मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते. आय-पिल, अनवॉन्टेड-७२ ही नावं ओळखीची आहेत; आत असते १.५ मिलीग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची एकच गोळी. सरकारी पुरवठ्यातली गोळी आशा दीदींकडे विचारा. दुकानात नवऱ्याला किंवा दिराला पाठवत असाल तर नाव कागदावर लिहून द्या. काउंटरवर हळू आवाजात ‘वो अनवॉन्टेड वाली’ एवढंच म्हटलं तर गफलत होऊ शकते, कारण अनवॉन्टेड किट नावाचं वेगळं औषध आहे आणि ते गर्भपाताचं आहे. पाकिटावर ‘किट’ असेल किंवा आत पाच गोळ्या दिसल्या, तर ते घेऊ नका, परत करा. आपत्कालीन गोळी गर्भ पाडत नाही. ती बीज सुटणं लांबवते, म्हणूनच जितकी लवकर घ्याल तितकी चांगली लागू पडते. पाकिटावरची मर्यादा ७२ तासांची आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायला हरकत नाही, असा तिचा अर्थ नाही.

घ्यायची रीत सोपी आहे. बाळाला आधी पोटभर पाजा आणि लगेच गोळी पाण्याबरोबर गिळा. थोडा अंश दुधात उतरतो, पण तो फार कमी असतो. बाळाला त्याचा त्रास होत नाही आणि दूधही कमी होत नाही. बाळ पुढच्या वेळी भुकेलं झालं की नेहमीसारखं पाजा. मन फारच धास्तावलं असेल तर ३-४ तासांचं दूध आधी काढून ठेवा, पण त्यासाठी गोळीला उशीर करू नका. मळमळ होत असेल तर काहीतरी खाऊन घ्या. ३ तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते. डोकं दुखणं, स्तन जड वाटणं, थोडं डाग लागणं हे दोन-तीन दिवसांत ओसरतं.

युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी कुणी सुचवली तर पाजत असल्याचं आधी सांगा. ती घेतल्यावर आठवडाभर दूध काढून टाकावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे.

टीबीसाठी रिफाम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटोइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी कमी पडते. वजन ७० किलोच्या वर असलं तरी तिचा भरवसा कमी होतो, आणि बाळंतपणानंतर वजन तेवढं असणं काही विशेष नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारा. सर्वांत खात्रीचा उपाय तांबी, म्हणजे कॉपर टी. संबंधानंतर ५ दिवसांच्या आत बसवली तर ती गोळीपेक्षा कितीतरी भरवशाची ठरते, दुधावर तिचा काही परिणाम होत नाही, आणि पुढची काही वर्षं वेगळं काही करावं लागत नाही. बाळंतपणाला ४ आठवडे होऊन गेलेले हवेत. इंदूरच्या एम.वाय. किंवा पी. सी. सेठी रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी सकाळच्या ओपीडीत विचारा. पाजणाऱ्या आईचं गर्भाशय नाजूक असतं, तांबी बसवताना भोक पडण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून पाजत असल्याचं आणि सिझर झालं असेल तर तेही सांगाच.

गोळी लागू पडली की नाही हे पाळीवरून कळेल, असं धरून चालू नका. पाजणाऱ्या आईची पाळी मुळातच बंद असू शकते, मग वाट कशाची पाहणार? संबंधानंतर ३ आठवड्यांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर कार्डाची टेस्ट करा, पाळी आलेली असो वा नसो. त्याआधी केलेली ‘निगेटिव्ह’ टेस्ट खोटा धीर देते. ओटीपोटात एका बाजूला सतत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर टेस्टची वाट न पाहता दवाखाना गाठा.

गोळी पुढच्या संबंधांना संरक्षण देत नाही, उलट लांबलेलं बीज नंतर सुटू शकतं. त्याच दिवसापासून निरोध वापरा. नेहमीच्या वापराचं काही हवं असेल तर पाजताना चालणारी साधनं आहेत: छाया गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, अंतरा इंजेक्शन, बाळंतपणाच्या ६ आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी. माला-एन मात्र बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत नको, तिच्यातल्या इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं. घरात जुनं पाकीट पडलं असेल तर ते तसंच राहू द्या.